उंदरांनी वायरिंग खाल्लंय की सेन्सर गेलेत? पिकअपसाठी सल्ला हवा (बजेट १० हजार)

साखळीची_पिकअप
नमस्कार मंडळी. पिकअप २०१७ ची, बीएस-४, कॉमन रेल डिझेल. बेळगावहून भाजी भरायची आणि चोर्ला घाट उतरून साखळी, म्हापशाला टाकायची, हा माझा धंदा. जूनमध्ये आजारपणामुळे गाडी बारा दिवस मांगरात (शेतावरच्या खोपट्यात) उभी होती, शेजारी पेंडीच्या गोणी. तेव्हापासून चेक लाइट पेटते आणि गाडी दोन हजारांच्या वर रेस घेत नाही. पाऊस लागला की जास्तच. स्कॅनरवर बिघाडाचे कोड आले: पी०१९२ (रेल प्रेशर कमी), पी०१०७ (मॅप कमी), पी०६४२. गॅरेजवाल्याने रेल प्रेशर सेन्सर (डिझेलचा दाब मोजणारा) बदलला, साडेसहा हजार गेले, तिसऱ्या दिवशी लाइट परत हजर. आता म्हणतो मॅप सेन्सर (इनटेकच्या हवेचा दाब मोजणारा) बदलू, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघू. बोनेटखाली लेंड्या दिसल्या. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आहे, माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचा) माल आणायचाय. दहा हजारांत काय होईल?

डिचोलीकर_टेम्पो
जोडकाम करूच नका. पूर्ण हार्नेस (वायरिंगचा सगळा जुडगा) नवीन टाका. मी टाकला, मजुरीसकट ३८ हजार, तीन वर्षं बोनेट उघडलं नाही.

खाणीवरचा_ड्रायव्हर
२०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा आमचे टिपर महिनोन् महिने उभे होते. उंदरांनी सीटसुद्धा पोखरली. बॅटरी जोडली, सेल्फ मारला, चालू! पंप साधा, सेन्सर एक नाही. त्या गाड्या विकल्या याचं मला आजही वाईट वाटतं.

काजूबाग
सेन्सर ओरिजिनल घातला होता का? बाहेरचा असेल तर लाइट येणारच. माझ्याकडे दोनदा असंच झालं.

डिचोलीकर_टेम्पो
सेन्सरचा प्रश्नच नाही, हार्नेस बदला.

वायरमन_फोंडा
बाब, मॅप सेन्सर घेऊ नका. तुमच्या तीन कोडांत पी०६४२ हाच महत्त्वाचा, आणि गॅरेजवाल्याने त्याच्याकडेच पाहिलं नाही. ईसीएम सेन्सरांना जे ५ व्होल्ट पुरवतो ते खाली पडलेत, असा त्याचा अर्थ. रेल आणि मॅप बहुतेक एकाच ५ व्होल्टवर असतात. ती वायर कुठे बॉडीला लागली की दोन्ही सेन्सर एकदम खराब दिसतात. दोन चांगले सेन्सर एकाच आठवड्यात मरत नाहीत हो.

डिजिटल मीटर घ्या, पाचशेच्या आत मिळतो. चावी ऑन, इंजिन बंद. काळी पिन बॅटरीच्या मायनसला. रेल सेन्सरचा कपलर (वायरीचा प्लग) काढून तिन्ही पिना तपासा, एकीवर ५ च्या आसपास हवेत. कमी असतील तर त्याच लाइनवरचे बाकीचे कपलर एकेक करून काढा. एखादा काढल्यावर ५ परत आले तर तो सेन्सर आत शॉर्ट. सगळे काढूनही आले नाहीत तर बहुतेक वायर खाल्लेली आहे. मग बॅटरी सोडा, ईसीएमचा कपलर सोडा, मीटर बीपवर ठेवून ती वायर आणि बॉडी यांमध्ये धरा, आणि लूम (टेप गुंडाळलेला वायरींचा जुडगा) हाताने हलवत जा. बीप जिथे वाजेल तिथे टेप सोला.

ईसीएमच्या वायरींवर टेस्ट लॅम्प लावू नका. सुईने वायर टोचू नका, आपल्या दमट हवेत त्या भोकातून तांबं हिरवं पडतं.

काजूबाग
डांबर गोळ्या टाका बोनेटमध्ये. तंबाखूची पानंही चालतात.

पेडण्याची_आजी
माझ्या मुलाची गाडी आहे, म्हणून लिहिते. गोळ्यांच्या पिशवीवरच उंदराने घर केलं होतं. पेंड तिथून हलवा, ते आधी. आणि लेंड्या उघड्या हाताने काढू नका रे बाळा. पावसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, उंदराच्या मुतातून. हातमोजे घाल, साबणाने धू.

खाणीवरचा_ड्रायव्हर
विष घाला आणि मोकळे व्हा.

पेडण्याची_आजी
विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला की मांजर जातं. माझं गेलंय.

साखळीची_पिकअप
वायरमन बाब, तुमचे उपकार. रेल कपलरवर १.७ व्होल्ट. सगळे कपलर काढले, तरी १.७. बीप लावून लूम हलवला. इंजिनच्या मागे, फायरवॉलजवळ, इनटेकखाली हात घातला आणि मीटर ओरडलं. टेप सोलली तर आत काथ्याचं घरटं, पेंडीचे कण, आणि चार वायरी दातांनी सोललेल्या. एकीचं तांबं ब्रॅकेटला घासून चकाकत होतं. मोबाईलचा उजेड मारून ती चमक पाहिली, आणि साडेसहा हजारांचा सेन्सर आठवून पोटात कालवलं.

वायरमन_फोंडा
सापडलं, उत्तम. त्याच जाडीच्या वायरीचे तुकडे घाला, क्रिंप (जोडाची धातूची नळी) नीट दाबा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी). चारही जोड एका जागी नको, पुढेमागे ठेवा. पीळ दिलेली जोडी असेल तर पीळ तसाच राहू दे. शेवटी लूम ब्रॅकेटपासून लांब बांधा. काम झालं तरी आठवडाभर भरलेली गाडी घाटात नेऊ नका. खाल्लेली दुसरी जागा असू शकते.

डिचोलीकर_टेम्पो
मी आधीच म्हटलं होतं, हार्नेस. चवथीला भाड्याची गाडी करा.

काजूबाग
भाड्याचीच करा. घाटात बंद पडली तर माल कुजेल.

साखळीची_पिकअप
काम झालं. मीटर, स्लीव्ह, वायर, मजुरी मिळून १,९००. कपलरवर ४.९८ व्होल्ट. कोड पुसले, होंड्यापर्यंत दोन फेऱ्या पावसात मारल्या, लाइट नाही, रेस पूर्ण. पेंड आज सकाळीच भावाच्या घरी हलवली, विष घातलं नाही.

तुम्ही सगळे नको म्हणताय, मला कळतं. पण भाड्याच्या गाडीचे पैसे दिले तर चवथीच्या मालात माझं काही उरत नाही, आणि म्हापशाच्या बायकांना मी शब्द दिलाय. उद्या पहाटे तीनला बेळगावला निघतोय. मीटर आणि उरलेल्या स्लीव्ह डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवल्यात. येताना माल नेहमीपेक्षा निम्माच भरणार.

वायरमन_फोंडा
मग घाटातल्या सुर्ल्याला थांबून बोनेट उघडा, जोडांना हात लावून बघा. गरम लागले तर फोटो टाका, मी जागा असेन.