ब्रेकनंतर नोकरीला परतणाऱ्यांसाठी एआय कोच अ‍ॅप बनवायचंय, बजेट ४० हजार, सल्ला हवा

आठचौदाची_फास्ट:
नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची. अंधेरीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, मग आधी मुलगी आणि नंतर सासूबाईंचं आजारपण यात सहा वर्षं गेली. गेल्या वर्षी परत लागले (पगार आधीपेक्षा कमी, पण तो विषय वेगळा). इंटरव्ह्यूची तयारी एआयशी बोलून केली होती, खरंच उपयोग झाला, म्हणून आता माझ्यासारख्या बायकांसाठी अ‍ॅप करायचं डोक्यात आहे. मराठीत बोलायचं, तो इंटरव्ह्यू घेणार, कुठे अडखळलो ते सांगणार, रोज थोडं काम देणार. बजेट ४० हजार, माझ्या सेव्हिंगमधले, नवऱ्याला १० सांगितलेत. कोडिंग जुजबी येतं. नो-कोडवर (कोड न लिहिता अ‍ॅप बनवायची साधनं) करू की कोणाला करायला देऊ? आणि मराठी आवाज नीट कसा ओळखायचा? काल मी म्हटलं "मी सहा वर्षं घरी होते", त्याने लिहून घेतलं "मी सहा वर्षं घारी होते" आणि वर विचारतोय, या अनुभवातून तुम्ही काय शिकलात.

ठाणे_वेस्ट_७:
४० हजारात आजकाल लोगो पण नीट होत नाही ताई. मी दुकानाचं अ‍ॅप साडेतीन लाखात केलं, पण काम बघाल तर बघत राहाल. चांगली एजन्सी धरा. आणि आधी आयफोनवर काढा, पैसे देणारं गिऱ्हाईक तिथेच असतं.

निवांत:
बजेट वाचलंत का वरचं? अ‍ॅपलला दर वर्षी ९९ डॉलर द्यावे लागतात, प्ले स्टोअरला एकदाच २५. पण तिथेही गंमत आहे, नवीन पर्सनल अकाउंट असेल तर आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस धरून ठेवावे लागतात, मगच सगळ्यांसाठी टाकता येतं. मी वॉचमनपासून मावशीपर्यंत बरोब्बर बारा जमवले, अकराव्या दिवशी मेव्हण्याने "फोन स्लो झाला" म्हणून बाहेर पडून ठेवलं. १५-१६ जण घ्या.

पोळपाट_लाटणं:
घारी 😂😂 आमच्याकडे भोपळ्याच्या करतात, गूळ जरा जास्त घालायचा.

एचआरवाली:
भरती करते म्हणून सांगते, अ‍ॅपने नोकरी मिळत नाही. आम्ही बघतो गेल्या सहा महिन्यांत काय केलंय. एखादा कोर्स, छोटं फ्रीलान्स काम, काहीही चालतं, पण ताजं पाहिजे. शिवाय परतणाऱ्यांसाठी प्रोग्रॅम आहेतच, टाटांचा सेकंड करिअर्सवाला तर २००८ पासूनचा. आणि मराठी कशाला? मुंबईत इंटरव्ह्यू इंग्लिशमध्येच होतात, सराव पण त्याच भाषेत हवा.

चाळीतला_चाणक्य:
+१ इंग्लिशला. आणि फुकटच्या चॅटबॉटला "माझा इंटरव्ह्यू घे" सांगितलं की झालं, तुमच्या अ‍ॅपला पैसे कोण देणार?

बिल_बघून_चक्कर:
कोणाला करायला देऊ नका, नाहीतर नंतर एक बटण हलवायला पण त्याच्या मागे फिरावं लागतं. आता माझी माती ऐका. एपीआयची की (एआय सेवा वापरायचा गुप्त कोड, बिल त्यावरच येतं) अ‍ॅपच्या आतच ठेवली होती, कोणीतरी काढली आणि शनिवार-रविवारात ३१ हजारांचं बिल. सोमवारी ठाण्याला उतरायचं तर मुलुंड गेलं तरी कळलं नाही. की सर्व्हरवर ठेवा, प्रीपेड क्रेडिट टाका आणि ऑटो रिचार्ज बंद. अजून एक, देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन (मजकुराचे तुकडे, त्यावर पैसे लागतात) जास्त जातात, म्हणजे तेच बोलणं मराठीत महाग. आवाज ओळखण्याचे मिनिटावर वेगळे. म्हणून इंग्लिशच बरं.

भोपळा_प्रेमी:
@पोळपाट_लाटणं त्याला घारगे म्हणतात. घारी म्हणजे घार या पक्ष्याचं अनेकवचन.

पोळपाट_लाटणं:
आमच्यात घाऱ्याच म्हणतात, चार पिढ्या.

परळचा_पक्या:
परतणाऱ्या फक्त बायका नसतात हो. मी ५१ चा, बायपासनंतर चौदा महिने घरी होतो. असलंच एक अ‍ॅप घेतलं, हॉस्पिटलच्या लायनीत रिपोर्ट हातात धरून उभा आणि मेसेज येतो, "तुमची सात दिवसांची साखळी तुटली!" तिथल्या तिथे डिलीट मारलं. ते साखळीबिखळी घालू नका. ज्याची साखळी आधीच तुटलीय त्याला परत काय सांगताय.

एचआरवाली:
पक्या, बरोबर आहे पण बायकांचा प्रश्न मोठा. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त स्टाफ असेल तर पाळणाघराची सोयही बंधनकारक आहे. विचारा किती ठिकाणी दिसतं.

निवांत:
पहिल्या दोन मुलांना २६, तिसऱ्याला १२. पूर्ण सांगा.

कागदपत्रे_तयार:
एक कोणीच बोललं नाही. लोक या कोचला सासू, नवरा, जुना बॉस सगळं सांगणार. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, संमती घ्या, कशासाठी घेताय ते साध्या मराठीत लिहा, आवाज तर साठवूच नका, मजकूर झाला की फाइल उडवा. आणि कोणी फारच खचून बोलायला लागलं तर बॉटने शहाणपणा न करता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्यावा. फुकट आहे, चोवीस तास.

आठचौदाची_फास्ट:
सगळ्यांचे आभार, घाऱ्यांचे पण. काल रात्री बसून ठरवलं. अ‍ॅप नाही, साधी वेबसाइट करणार, मीच. एकच प्रश्न असणार, "मधली वर्षं काय करत होतात?", कारण मी पाच इंटरव्ह्यूत तिथेच गळपटले होते. की सर्व्हरवर, क्रेडिट महिना दोन हजारांचं, आवाज साठवणार नाही, साखळी नाही, १४४१६ पहिल्याच पानावर.
मराठी मात्र सोडत नाही, महाग पडलं तरी. इंग्लिशमध्ये मी "आय वॉज ऑन अ करिअर ब्रेक" एवढं घोकून गप्प बसायचे. मराठीत बोलले तेव्हा आपोआप तोंडातून आलं, की सासूबाईंच्या डायलिसिसच्या वेळा, मेडिक्लेमचे कागद, दोन मावश्यांच्या पाळ्या सगळं मी वहीत आखून चालवत होते. ते मग इंग्लिशमध्ये सांगायला दहा मिनिटं लागली. आधी मराठी, मग इंग्लिश, असंच ठेवणार. लिहिलेलं दाखवून "हेच म्हणालात ना?" विचारेल, म्हणजे घारी पकडता येईल.
@परळचा_पक्या, पहिले टेस्टर तुम्ही, चालेल?

परळचा_पक्या:
चालेल. रविवार सोडून.

ठाणे_वेस्ट_७:
म्हणजे आयफोनवर नाहीच?