सात वर्षांची लेक, सासूबाई आणि कुत्री: एका दिवसात डोंगर जमेल का?

पाऊलखूण:
रविवारी सगळं बिऱ्हाड घेऊन डोंगरावर जायचं घाटतंय. मी, नवरा, सात वर्षांची लेक, सासूबाई (रोज चालतात, पण उतरताना गुडघा कुरकुरतो) आणि तीन वर्षांची लॅब्रॅडॉर, मिष्टी. वाट जाऊन-येऊन 8 किलोमीटर, चढ साधारण 600 मीटर. नवरा म्हणतो, तीन तासांत घरी. मला पटत नाहीये. मिष्टीसाठी काय काय बघावं?

उनाडपायी:
तीन तास विसरा. नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा ठोकताळा अजून वापरतात: दर 5 किलोमीटरला एक तास, वर दर 600 मीटर चढाला आणखी एक. म्हणजे तुमचे अडीच तासांच्या वर झालेच, आणि तेही धडधाकट माणूस कुठेही न टेकता चालला तर. लेक प्रत्येक वाकड्या काटकीपाशी रेंगाळणार. सहा तास धरा, उजाडताच निघा. परत फिरायची वेळ घरीच ठरवा आणि नवऱ्याकडून कबूल करून घ्या. वर गेलं की ‘आता एवढंसंच राहिलंय’ सुरू होतं.

आता मिष्टी. कुत्र्यांना तिथे परवानगी आहे का ते आधी विचारा, संरक्षित जंगलात बऱ्याचदा नसते. कुत्र्याचं अंग गार होतं ते मुख्यतः धापा टाकून. घाम जेमतेम पंजांना. त्यात लॅब्रॅडॉर म्हणजे तुम्ही चालताय तोवर चालणारच, थांबवायचं तुम्ही. खडकावर हाताची पालथी बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववली नाही, तर तिचे पंजेही भाजणार. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले, की चढाई बंद. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट डॉक्टर गाठा.

गळपट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या, उंच टप्प्यावर उचलायला बरा पडतो. उतारावर दोरी कमरेला अजिबात बांधू नका. तिथे मिष्टी सगळ्यांच्या पुढे, नवऱ्याच्या हातात. पंचवीस-तीस किलोची कुत्री मागून गुडघ्यावर आदळली तर सासूबाई आयुष्यभर ऐकवतील, आणि बरोबरच आहे त्यांचं!

झुबकेशेपूट:
लेकीच्या खाऊतले मनुके आणि चॉकलेट मिष्टीपासून लांब ठेवा, दोन्ही कुत्र्यांना विषारी. पाणी घरून न्या. साचलेल्या डबक्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. परतल्यावर गोचिडी शोधा: कानात, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिरगाळायची नाही.

पाऊलखूण:
दोघांचेही आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो साडेतीन तासांवर आलाय. सासूबाई मात्र ‘उनाडपायी’ यांच्यावर खूश आहेत. कुत्र्यांचे बूट मिळतात ते घेऊ का?

उनाडपायी:
घेतलेत तर आधी घरात घालून सवय करा. पहिल्या दिवशी पाय झटकत विचित्र चालतात, आणि बूट घासून सालपटं निघतात ती वेगळीच. या रविवारी नकोतच. सकाळी लवकर निघा, वाटेत पंजे बघत राहा. सासूबाईंना दोन काठ्या द्या, उतरताना गुडघ्यावरचा बराच भार हातांवर जातो.