आधी कढीपत्ता, मग कास

महागडी मॅक्रो लेन्स घेतल्याशिवाय मॅक्रो फोटोग्राफीच्या, म्हणजे चिमुकल्या गोष्टी अगदी जवळून टिपण्याच्या छंदात पडू नये, हे मत मला पटत नाही. माझी सुरुवात ५० मिमीच्या साध्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी, लावून झाली. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ (इथे ५० मिमी), तेवढं मॅग्निफिकेशन, म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत सेन्सरवरच्या प्रतिमेचा आकार, वाढतं. म्हणजे ३६ मिमीची ट्यूब लावली की साधारण ०.७ पट. ट्यूबमध्ये काच नसतेच, त्यामुळे चित्राचा दर्जा लेन्सवरच ठरतो.

नवख्यांनी थेट कास पठार गाठावं, हेही घाईचं वाटतं. तिथला वारा दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचं चिमुकलं झाड क्षणभर स्थिर राहू देत नाही, आणि १:१ ला (प्रतिमा वस्तूएवढीच असताना) एफ/८ या छिद्रमापावर जेमतेम मिलिमीटरभर भाग फोकसमध्ये येतो. शिवाय फोटोसाठी आडवं पडलं की अंगाखाली फुलं चिरडतात, ते मला बघवत नाही. साताऱ्यात आमच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. लहानपणी त्याची अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवीगार. ती फारशी हलत नाही, रोज त्याच झाडावर सापडते. उन्हं यायच्या आत, वारा पडलेला असताना तिच्यावर महिनाभर हात बसवा.