मदत हवी आहे: लेकीच्या फोटोचं स्टिकर करून चिडवतायत, खोटं इन्स्टा खातंही काढलंय

आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. मुलगी आठवीत, तेरा वर्षांची. मी पतसंस्थेत नोकरीला, मिस्टरांचं पोवई नाक्याजवळ दुकान आहे.

गॅदरिंगला तिच्या वर्गाचं लेझीम होतं. नाचताना तोंड उघडं पडलेला तिचा फोटो कुणीतरी काढला आणि त्याचं स्टिकर केलं. वर्गातल्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात शिक्षक नाहीत. हिने तिथे साधं "उद्या पीटीचा ड्रेस का?" विचारलं तरी खाली ओळीने तेच स्टिकर येतं. आता इन्स्टाग्रामवर तिच्या नावाने, तिचाच फोटो लावून खातं काढलंय आणि त्यावरून मुलांना नको ते मेसेज जातायत.

मला संशय आला तो डब्यावरून. आठवडाभर डबा तसाच परत येत होता, चपातीची घडीसुद्धा मोडलेली नसायची. परवा रात्री तिच्या खोलीत गेले तर तिने फोन पटकन पालथा घातला आणि रडायलाच लागली. "आधी का नाही सांगितलंस गं?" विचारलं, तर म्हणाली, "तू फोन काढून घेतला असतास." ते डोक्यातून जात नाही. कारण खरंच, मी तेच केलं असतं. मिस्टरांनी तर केलंच, फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेव्हापासून ती आमच्याशी धड बोलत नाही.

स्टिकर ज्याने केलं त्याची आई माझ्याच भिशीत आहे. तिला सरळ फोन करू का? वर्गशिक्षिका म्हणतात, मोबाइल हा शाळेबाहेरचा विषय. सासूबाई म्हणतात, पोलिसांत गेलात तर गावभर होईल. मला कुणाच्या पोराचं वाटोळं करायचं नाही, पण हे थांबायला हवं. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (सांगलीची शिक्षिका):
ताई, आधी तिचा फोन तिला परत द्या. त्रास दिला दुसऱ्यांनी आणि शिक्षा झाली तिला, असंच तिला वाटत असणार. पुढच्या वेळी ती काहीच सांगणार नाही.

भिशीतल्या बाईंना आज फोन नको. त्या मुलाला रागावतील, तो सगळं डिलीट करेल आणि तुमच्या हातात काही उरणार नाही. आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. खोट्या खात्याचं युजरनेम आणि लिंक वेगळी लिहून ठेवा. मग मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुलं त्याच वर्गातली, फोटो शाळेच्याच कार्यक्रमातला, मग विषय शाळेबाहेरचा कसा? तोंडी बोलणं हवेत जातं, शिक्का मारलेला कागद जात नाही.

प्रतिसाद:
खोट्या खात्याची तक्रार इन्स्टाग्रामवर पालक म्हणून तुम्हीही करू शकता. 'रिपोर्ट' मध्ये "दुसऱ्याच्या नावाने खातं" हे कारण निवडा. तिचं स्वतःचं खातं प्रायव्हेट करा. ब्लॉक केलं की पोरं अजून चेकाळतात, त्यापेक्षा 'रिस्ट्रिक्ट' करा. त्याच्या कमेंट त्याच्यापुरत्याच राहतात आणि त्याला कळतही नाही.

पोलिसांचं म्हणाल, तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर घरबसल्या तक्रार नोंदवता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलीची ओळख पेपरात छापता येत नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा. आणि समोरचा मुलगाही अठराच्या आतला, त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पण फोटोत अश्लील फेरफार केला असेल तर एक दिवसही थांबू नका, तिथे पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागू शकतो. तसला फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाला फॉरवर्ड करू नका.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मिस्टरांनी स्वतः कपाट उघडून फोन तिच्या हातात दिला. "चुकलं माझं" एवढंच म्हणाले. मग आम्ही दोघींनी बसून स्क्रीनशॉट काढले. ती मोजत होती, सत्तेचाळीस निघाले. फोटोत फेरफार नाही, तेवढं बरं. खोट्या खात्याची तक्रारही केलीय.

सोमवारी अर्ज द्यायचा आहे. ती म्हणते, त्या मुलाचं नाव घालू नकोस, वर्गात बसायचं मला आहे. नाव न घालता "वर्गातील काही विद्यार्थी" असं लिहिलं तर शाळा दखल घेईल का?