दुपारी कूलरपुढे बसलं की कामं 'उद्या'वर!

प्रश्न: जळगावचा मे. कापसाच्या पावत्यांचा हिशोब, सातबारा, वीजबिल, सगळंच तुंबलंय. काय करावं?

उत्तर १: भाऊ, 'हिशोब' हे काम नाही, ढीग आहे, म्हणून तर टळतो. 'पिशवीतल्या १० पावत्या तारखेनं लावणं' एवढंच ठरवा. वही रात्रीच उघडून ठेवा, वर पेन. सकाळी ७ ला बसा. ऊन चढलं की संपलं.

उत्तर २: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. हीच इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लोची १९८०च्या दशकातली पोमोडोरो पद्धत. फक्त गजर फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं जातंच. चावीचं घड्याळ बरं.

उत्तर ३: वीजबिल यादीत कशाला? दोन मिनिटांत फोनवरून भरा. डिजिटल सहीचा सातबाराही सरकारच्या महाभूमी वेबसाइटवर १५ रुपयांत निघतो. गट नंबर तेवढा आधी शोधून ठेवा, तिथेच अडतं.