ऑल्टन ते पडूका: मधे मरीना नाही, डिझेल आणि मुक्कामाचं गणित कसं बसवायचं?

प्रश्न (शिकागोकर)

ग्रेट लूपसाठी (अमेरिकेच्या पूर्व भागाला जलमार्गाने घातलेला फेरा) शिकागोहून इलिनॉय नदीने खाली निघायचं आहे, सप्टेंबरअखेरीस. ३६ फुटी ट्रॉलर (राहण्याची सोय असलेली संथ बोट), एकच डिझेल इंजिन. ताशी ८ मैलांच्या वेगाला तासाला साधारण ३ गॅलन जातं, टाकी १२० गॅलनची, बोटीला ४ फूट पाणी लागतं. ग्राफ्टन, ऑल्टनपर्यंत मरीना आहेत. पुढे मिसिसिपीवर थेट केरो, जिथे ओहायो येऊन मिळते, मग ओहायोवर उलटं चढून पडूका. जुन्या गाइडांत किम्सविकची हॉपीज मरीना दिसते, पण ती आता बंद आहे. टाकी पुरेल का? रात्री कुठे थांबायचं? आणि एवढ्या मोठ्या नदीवर मरीना का नाहीत?

उत्तर १ (काठावरून)

शेवटच्या प्रश्नात बाकीची उत्तरं आहेत. लॉक २७ हे मिसिसिपीवरचं शेवटचं लॉक (धरणापाशी बोटी वर-खाली करणारा दरवाजांचा हौद). त्याखाली समुद्रापर्यंत एकही धरण नाही, त्यामुळे पाणी धरून ठेवायला काही नाही. सेंट लुईसच्या मापपट्टीवर १९४० साली उणे ६.२ फूट नोंद आहे आणि १९९३ च्या पुरात ४९.५८ फूट. पंचावन्न फुटांची ही चढउतार सोसणारा धक्का बांधणं आणि सांभाळणं महाग पडतं. वरून ओंडके येतात, गाळ साचतो, तो वेगळाच खर्च.

आता डिझेल. ऑल्टन मैल २०३ वर आहे, केरो मैल ० वर. प्रवाह ३ मैलांचा धरला तर जमिनीवरचा वेग ११, म्हणजे साडेअठरा तास. केरो ते पडूका साडेसेहेचाळीस मैल, तिथे दीड मैलाचा प्रवाह समोरून, म्हणजे सात तासांच्या वर. एकूण २६ तास, ७८ गॅलन. लॉकपाशी ताटकळणं आणि जनरेटर धरून ९०. त्यावर पाचवा हिस्सा राखीव, म्हणजे १०८. टाकीच्या तळाचं दहाएक टक्के डिझेल पंपाला मिळत नाही, तेव्हा १२० मधले तुमच्या हाती १०८ च. बसतं, पण काठावर. ऑल्टनला टाकी गळ्यापर्यंत भरा आणि ५ गॅलनचे दोन कॅन डेकवर बांधून ठेवा. वेग वाढवायच्या फंदात पडू नका. ट्रॉलर ८ वरून ९ वर नेला की खर्च फार झपाट्याने चढतो.

एक नेहमीची चूक: नदीचे मैल जमिनीचे असतात. प्लॉटर (बोटीवरचा नकाशा-पडदा) सागरी मैलांवर राहिला तर २५० चे २१७ दिसतात आणि सगळं गणित कोसळतं.

उत्तर २ (नांगर)

पहिला मुक्काम कॅस्कॅस्किया नदीच्या तोंडाशी, मैल ११७.५. आत वळलं की लॉकची भिंत लागते. लॉकमास्टरला रेडिओवर विचारा, परवानगी मिळाली तरच भिंतीला बांधा. दुसरा केप जिरार्डोच्या खाली लिटल रिव्हर डायव्हर्जन चॅनल, मैल ४८.८, उतरताना उजवीकडे. तोंडाशी गाळाचा बांध साचतो, म्हणून पाणी कमी असेल तर अगदी हळू, डेप्थ साउंडरवर (पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) नजर ठेवून आत शिरा. आत जागा अरुंद, पुढून-मागून दोन नांगर टाका. एकाच नांगरावर बोट रात्री फिरून काठाला लागते.

उघड्या पात्रात नांगर टाकू नका. रात्री वाहत येणारं झाड नांगराच्या दोरात अडकतं आणि त्याच्या वजनाने नांगर सुटतो. तिसऱ्या दिवशी उजेड होताच निघा, कारण पडूकापर्यंत ९५ मैल आहेत आणि मधे ऑल्मस्टेड लॉक. तिथे उशीर होणार असं दिसलं तर केरोच्या अलीकडेच अँजेलो टोहेड या छोट्या बेटाच्या आडोशाला थांबण्याचा पर्याय हाताशी असू द्या.

उत्तर ३ (शिकागोकर)

मनापासून आभार. लॉक आणि बार्जेसबद्दलही (सपाट मालवाहू तराफे) कोणी सांगाल का?

उत्तर ४ (दोरखंड)

आधी सर्वांत महत्त्वाचं: मिसुरी नदी मिळते त्याच्या किंचित खाली, मैल १९४ च्या आसपास, डावीकडे चेन ऑफ रॉक्सचा कालवा सुटतो. तोच धरायचा. सरळ गेलात तर पुढे दगडी बंधारा आहे, त्यावरून बोट जात नाही.

मेल प्राइस लॉकमध्ये तरंगते बोलार्ड (दोर बांधायचे खुंट, पाण्याबरोबर वर-खाली होणारे) आहेत. बोटीच्या मध्यातून एकच दोर बोलार्डभोवती फिरवून परत हातात घ्या, बोटीवरच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) गाठ मारू नका. बोलार्ड भिंतीतल्या खाचेत अडकला की पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते. सुरी हाताशी हवीच. मालवाहू टोना (ढकलणारी बोट आणि तिच्यापुढे बांधलेले बार्जेस) आधी सोडतात, त्यामुळे दोन-तीन तास थांबणं गृहीत धरा.

सेंट लुईसखाली लॉक नसल्याने तिसाहून जास्त बार्जेसचे टो भेटतात. त्यांना थांबायला मैलभर लागतो. रेडिओच्या चॅनल १३ वर त्यांचं नाव घेऊन विचारा, कोणत्या बाजूने येऊ. समोरासमोर "वन व्हिसल" म्हणजे दोघांनी उजवीकडे सरकायचं, डावी बाजू डावीला. वळणावर टोचं शेपूट बाहेरच्या काठाकडे घसरतं, तिथे त्याच्या शेजारी सापडू नका. प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या टोमागे उभ्या लाटा बराच वेळ टिकतात. त्यांनी टाकीचा तळ ढवळला की गाळ फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन नेमकं तिथेच बसतं. दोन जादा फिल्टर ठेवा, बदलून एअर काढायचा सराव धक्क्यावरच करा.

पडूकाला नेहमी प्रवाहाकडे तोंड करून लागायचं, आधी पुढचा दोर. नदी चढली की तिथला धक्का बंद करतात, म्हणून केप जिरार्डोहूनच फोन करा.