आवाजाची दिशा हाच खरा फायदा

त्रिमितीय ऑफिस, म्हणजे सहकाऱ्यांनी संगणकावरच्या आभासी खोलीत भेटायचं, हे निव्वळ खेळणं आहे, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. मोझिला हब्ससारख्या आभासी खोलीत मात्र आवाज बोलणाऱ्याच्या दिशेने येतो आणि अंतरानुसार कमी-जास्त होतो, त्यामुळे एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन चर्चा निवांत चालतात. आणि डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट हवाच असंही नाही, साधा ब्राउझर पुरतो. हेडसेट घालून तासभर बसणं जड जातं, हे मान्य. क्वेस्ट २ या हेडसेटचं वजनच अर्धा किलो आहे. म्हणून रोजच्या छोट्या मीटिंगला हे नको. यंत्राचं मॉडेल सगळ्यांनी मिळून भोवती फिरून बघायचं असेल, तेव्हा जरूर वापरा. मोझिला स्वतःच्या सर्व्हरवर चालवत असलेली हब्सची सेवा तिने मे २०२४ मध्ये बंद केली, पण हब्सचा कोड सगळ्यांसाठी खुला असल्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवर ती अजूनही चालवता येते.